वास कशाचा येऊन राह्यला

आमच्या घरात धुणं मी धुतो. गल्लीतल्या बायकांना याचं अजून नवल वाटतं आणि पुरुषांना माझी कीव येते, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. बायको अंगणवाडीत आहे, सकाळी लवकर घर सोडते. मी परतूरच्या एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक. माझी शाळा अकराची. मधले दोन-अडीच तास माझे आणि मशीनचे. मशीन घरात आलं तेव्हा सोबतची पुस्तिका वाचणारा मीच एकटा निघालो, तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे. पुस्तिका मी सगळी वाचली, फक्त शेवटचं ‘निगा आणि स्वच्छता’ हे प्रकरण सोडलं. ते मला अनाडी लोकांसाठी लिहिलेलं वाटलं.

प्रयोगशाळेत माझं काम बाटल्या देण्याचं. सर प्रयोग करून दाखवतात, मी बाटली हातात देतो. सर कधी चुकीची बाटली मागतात, तेव्हा मी गुपचूप बरोबर बाटली देतो. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला जरा गुर्मी येते. कपडे धुण्याची पावडर म्हणजे शेवटी रसायनच, आणि रसायन म्हटलं की मी, अशी माझी पक्की समजूत होती. या समजुतीची किंमत माझ्या आईनं मोजली.

आईला आम्ही माय म्हणतो. ती भोकरदन तालुक्यात, गावाकडं, धाकट्या भावाजवळ असायची. आमचं घराणं मेंढरं वळणाऱ्यांचं. वडील होते तोवर मेंढरं होती. आता भावाकडं थोडी शेती आणि दावणीला काही शेळ्या आहेत. मायच्या गुडघ्यांनी पार दावा धरला तेव्हा उन्हाळ्यात मी तिला परतूरला घेऊन आलो. जालन्याच्या डॉक्टरांनी वर्षभराचे व्यायाम सांगितले होते, आणि गावाकडं ते तिच्याकडून करून घेणार कोण, ज्याला त्याला रानात जायची घाई. एक पिशवी घेऊन ती आली. पिशवीत चार नऊवारी लुगडी, चोळ्या आणि खांद्यावर वडिलांचं काळं घोंगडं.

नवरात्राच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर काढून धुवायचं. गावाकडं बायका गोधड्यांचे गठ्ठे घेऊन नदीवर जायच्या, दिवसभर नुसती बडवाबडवी चालायची. यंदा बायकोनं गोधड्या दोन दिवस आधीच उरकल्या आणि तिसऱ्या दिवशी ती मायला घेऊन जालन्याला डॉक्टरकडे गेली. घरी मी एकटा. कोपऱ्यात ते घोंगडं दिसलं. राठ, कडक, उभं केलं तर भिंतीला टेकून उभं राहील असं. मला वाटलं, याचाही दसरा काढून टाकू, माय खूश होईल. मी ते मशीनमध्ये कोंबलं, वर दोन मापं पावडर जास्तीची टाकली आणि झाकण लावलं.

नळीतून काळंशार पाणी येताना बघून मला काय आनंद झाला होता! वडिलांच्या वेळेपासूनचा मळ एका सकाळी काढला होता मी. घोंगडं बाहेर आलं ते शालीसारखं लुळं. संध्याकाळी माय आली, तिनं त्यावरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि म्हणाली, “मऊ झालं.” मी ते कौतुक समजलो.

दसरा होऊन पंधराएक दिवस झाले असतील. सकाळची वेळ, मी आणि माय चहा घेत बसलो होतो. ती नुकतीच अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकली होती. मला कसलासा वास आला. आंबूस, ओलसर, आणि वरून पावडरचा गुलाबी सुगंध. माझं नाक जात्याच तिखट. प्रयोगशाळेत गॅसची नळी जराशी गळली तरी पहिलं मला कळतं. मी नाक वर करून तिच्या बाजूला वळलो आणि मोठ्यानं विचारलं, “हा वास कशाचा येऊन राह्यला?”

मग मी मोरी हुंगली, गॅसच्या मागं बघितलं, उंदीर मेला असेल म्हणून कॉटखाली शिरलो. काही सापडलं नाही. बाहेर आलो तर माय चहाची कपबशी घेऊन मागच्या दारात जाऊन बसली होती. उन्हाला बसली असेल, म्हणून मी शाळेत निघून गेलो.

त्यानंतर माय बदलली. दिवसातून दोनदा अंघोळ करू लागली. शेजारच्या काकू आल्या की उठून आत जायची. जेवायला आमच्याबरोबर बसेना. तुमचं होऊ द्या, मला भूक न्हाई, असं काहीतरी सांगायची. अंगाची साबणवडी आठ दिवसांत संपली तेव्हा बायकोच्या ते ध्यानात आलं. माझ्या नाही आलं. मी वास शोधण्यात दंग होतो. मग एका सोमवारी मायनं मला भावाला फोन लावून द्यायला सांगितलं आणि त्याला म्हणाली की येत्या ऐतवारी गाडी घेऊन ये, मला गावाकडं जायचंय, हितं करमत न्हाई. गुडघ्याचं आता कुठं बरं चाललं होतं. मोरीपर्यंत ती भिंतीला हात न लावता जात होती. मी समजावलं, चिडलो, डॉक्टरची भीती घातली. ती ऐतवारावरच अडून राहिली.

स्वयंपाकघरात बायकोनं मला बाजूला घेतलं. आवाज हळू, पण रोखून बोलली. “तुम्हाला खरंच कळंना का? त्यांना वाटून राह्यलं, वास त्यांच्या अंगाला येतो. म्हातारपणाचा. तुम्हीच विचारलं होतं ना, त्यांच्याकडं तोंड करून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तसाच उठून मायजवळ गेलो आणि सांगितलं की अगं, वास तुझ्या अंगाचा नाही. ती म्हणाली, मी कुठं काय म्हणले? आणि पदर सावरून थोडी आणखी लांब सरकली. नुसत्या बोलण्यानं भागणार नव्हतं, कारण वास तर होताच. आणि खरं सांगायचं तर आमच्या कपड्यांपेक्षा तिच्या लुगड्याला जास्त होता. ती ऐतवारी गेली असती तर ही समजूत बरोबर घेऊन गेली असती, आणि मग जन्मभर कोणाच्या शेजारी मोकळेपणी बसली नसती. माझ्या हातात सहा दिवस होते.

मी पहिला संशय पावडरवर घेतला. त्या संध्याकाळी बाजारातल्या किराणा दुकानासमोर मी पहिल्यांदाच पावडरी नीट बघत उभा राहिलो. एवढे प्रकार असतात हे मला माहीतच नव्हतं. बादलीसाठी वेगळी, मशीनसाठी वेगळी. त्यातही वरून उघडणाऱ्याची वेगळी आणि समोरून उघडणाऱ्याची वेगळी. पातळ साबणाच्या बाटल्या, तोरणासारख्या लटकलेल्या पुड्या, कपड्याला नुसता सुगंध लावायचं एक निळं पाणी. प्रत्येकावर डोंगर, फुलं नाहीतर पांढराशुभ्र सदरा घालून उड्या मारणारं पोर. मी दुकानदाराला विचारलं की यातली चांगली कोणती. त्यानं माझ्याकडं बघून, हे काय विचारणं झालं, असा चेहरा केला. फेस जास्त ती चांगली, म्हणाला, फेस आला की कपडा निघाला समजा.

फेस! आमच्या बोअरच्या पाण्याला फेस कसा तो येतच नाही. परतूरमध्ये नळाचं पाणी कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे धुणं बोअरच्या पाण्यावर, आणि ते इतकं जड की तांब्याच्या बुडाला पांढरी खपली धरते. फेस येत नाही म्हणून मी पावडर वाढवायचो. सांगितलेल्या मापाच्या दुप्पट, कधी तिप्पट. पुस्तिकेत लिहिलं होतं की मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात. ते मी वाचलंही होतं, पण मनातून मला तो कंपनीचा चिक्कूपणा वाटायचा.

मंगळवारी शाळेतून परीक्षानळ्या घरी आणल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत प्यायच्या जारचं. तिन्हीत चिमूटभर साबणाचा कीस टाकून बरोबर वीस वेळा हलवल्या. जारच्या पाण्यात फेस वरपर्यंत चढला, नळाच्या पाण्यात अर्ध्यावर राहिला, आणि बोअरच्या नळीत फेसाऐवजी दह्यासारख्या गुठळ्या तरंगू लागल्या. हा प्रयोग मी आठवीच्या पोरांसाठी कितीतरी वेळा मांडून दिलेला आहे. तरी ओट्यावर ती नळी धरून मी बराच वेळ उभा राहिलो. रोज आपण मशीनमध्ये या गुठळ्या ओततोय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बायको म्हणाली, “घराची पार लॅब करून टाकली. पण वास गेला का?”

वास गेला नव्हता. साबणाच्या किसापेक्षा पावडरच्या गुठळ्या कमी होत होत्या, पण कपडे वाळले की तोच आंबूसपणा. बुधवारी मी पावडर बदलली, पातळ साबण आणला. गुरुवारी त्यावर निळं सुगंधी पाणी ओतलं. माय लुगडं नेसून मागच्या दारात बसली तर तिच्याभोवती मोगऱ्याचा घमघमाट, आणि त्याच्या खालून तेच. आता तर तिला वाटायला लागलं असेल की म्हातारीचा वास झाकायला पोरगं अत्तर ओततंय. त्या दिवशी ती दुपारी जेवलीच नाही. मला स्वतःचाच इतका राग आला की ती बाटली मी नेऊन मोरीत रिकामी केली.

शुक्रवारी सुचलं ते खरं तर सोमवारीच सुचायला हवं होतं. एकाच कापडाचे दोन टॉवेल घेतले. एक मशीनमध्ये टाकला, दुसरा त्याच साबणानं, त्याच पाण्यात, बादलीत हातानं धुतला. दोन्ही शेजारी शेजारी वाळवले, एकाला कोपऱ्यात दोऱ्याची गाठ मारली, आणि बायको घरी आल्यावर काही न सांगता तिच्या नाकासमोर धरले. तिनं मशीनचा टॉवेल झटक्यात लांब सारला. म्हणजे साबण निर्दोष होता, पाणी निर्दोष होतं. मायचं लुगडं जाड सुती, त्यातून रस्त्यावरून दिसतं म्हणून तिला ते गच्चीवर वाळत घातलेलं चालत नसे. ते मागच्या बोळात सावलीला दिवसभर ओलं राहायचं. म्हणून वास तिथं जास्त मुरायचा. आमचे कपडे पातळ, उन्हात घटकेत वाळणारे. चोर मशीनमध्येच बसला होता आणि मी गल्लीभर शोधत होतो.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी घरी आलो तो सरळ मशीनकडे गेलो. वायर काढली, झाकण उघडलं, आत डोकं घातलं. ड्रम आरशासारखा चकचकीत. तळाशी ती फिरणारी चकती असते, तिच्या मधोमध एकच स्क्रू. पुस्तिकेतलं ते सोडलेलं प्रकरण पुढ्यात ठेवलं होतं, पण चकती काढायचं त्यात काही नव्हतं. ते मेकॅनिकचं काम आहे. माझ्यानं मात्र धीर धरवला नाही. स्क्रू ढिला केला, दोन्ही बाजूंनी बोटं घालून चकती वर ओढली, आणि मागं सरलो.

चकतीच्या पोटाला बोटभर जाडीचा राखाडी-काळा थर होता. साबणाच्या गुठळ्या, बोअरची खपली, आणि त्यात लोकरीचे काळे पुंजके. हात लावला तर बोटांना चिकटला, बोटं लांब नेली तर तार निघाली. साबण असा चिकट नसतो हे मला ठाऊक आहे. खपली तर मुळीच नाही. मी बोट नाकाशी नेलं. वास तोच, पण इतका उग्र की डोळ्यांत पाणी आलं. तरी तो चिकटपणा कशाचा हे काही केल्या उमगेना. इतकी रसायनं हाताळलेला माणूस एका बोटाकडं बघत बसला होता.

मला कशाची ओळख पटेनाशी झाली की मी आपसूक कोणाला तरी हाक मारतो. घरात मायच होती. ती आत कपड्यांच्या घड्या करत होती. उद्याची पिशवी भरणं चाललं होतं. मी हाक मारली तशी ती दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली, जवळ येईना. मग मीच उठून तिच्याजवळ गेलो आणि बोट तिच्या नाकापुढं धरलं.

तिनं मान मागं घेतली. मग पुढं केली. माझं मनगट धरून बोट पुन्हा जवळ ओढलं, आपल्या अंगठ्यानं तो चिकटा चोळून बघितला.

“खळ हाय ही,” ती म्हणाली. “चिंचोक्याची खळ. शिळी झाली की अशीच घाण मारती.”

मला काही कळेना. तेव्हा तिनं सांगितलं, आणि सांगताना ती दार सोडून मशीनपर्यंत कधी आली ते तिलाही कळलं नाही. घोंगडं विणून झालं की चिंचोके भाजून, भरडून, शिजवून त्याची पेज करतात आणि कुंच्यानं घोंगड्याला दोन्हीकडून चोपडतात. ती खळ. तिच्यानंच घोंगड्याला तो कडकपणा येतो, आणि पाणी वरच्या वर निथळून जातं. लग्न होऊन आली तेव्हा वर्षाला घरात खळीची घमेली शिजायची. उरलेली खळ चार दिवस राहिली की सासू बाहेर ओतून यायला सांगायची, त्या वासानं जेवण जायचं नाही म्हणून. घोंगड्याचा दसरा कधी काढत न्हाईत, ती म्हणाली. ऊन दाखवायचं, काठीनं झटकायचं, बस.

मी मशीनच्या कडेला तसाच उकिडवा बसलो. घोंगड्यातली सगळी खळ मी दोन जादा मापं पावडर घालून चकतीखाली भरून ठेवली होती. तिथं ओल, साबणाचा चिखल, वर बंद झाकण. ती आंबली, आणि रोजच्या पाण्यातून थोडी थोडी मायच्या लुगड्यात उतरली.

“तेव्हाच काऊन न्हाई बोललीस, घोंगडं धुतलं तेव्हा?”

“तू एवढ्या हौसेनं धुतल्तं,” ती म्हणाली. मग तिनं त्या चकतीकडं बोट केलं. “हे समदं ह्यातून येऊन राह्यल्तं?”

“ह्यातूनच.”

 चकती धुवायला मी घेतली तेव्हा तिनं मोरीतला जुना दातांचा ब्रश आणून दिला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. किती दिवसांनी.

दुपारभर आम्ही दोघांनी मशीन धुतलं. मी घासायचो, ती कुठं राहिलं ते दाखवायची. तिची नजर माझ्यापेक्षा बारीक. पावडरचा कप्पा उपसून काढला तर त्याच्या पाठीमागंही दगडासारखा थर. धागे अडकायची जाळी मी आजवर नुसती झटकत होतो. ती उलटी केली तर आत लोकरीचा एक उंदीरच बसलेला. खपलीसाठी लिंबूफूल, म्हणजे आमचं सायट्रिक आम्ल, गरम पाण्यात विरघळवून ड्रममध्ये भरलं आणि तासभर तसंच ठेवलं. पाणी सोडून दिल्यावर धुण्याचा सोडा घालून मशीन पुन्हा एकदा रिकामंच फिरवलं. नळीतून आलेलं पाणी बघायला माय वाकली होती. पहिल्यांदा चहासारखं आलं, मग पेजेसारखं, मग बोअरचं जसं असतं तसं. मशीन पुसून झाकण उघडं ठेवलं. ते आता रोज उघडंच असतं, आणि पावडरीचं माप डब्याला दोरीनं बांधलेलं असतं, एकच.

रविवारी सकाळी मी मायचं एक लुगडं एका मापात धुतलं आणि तिला न विचारता गच्चीवर उन्हात टाकलं. तिनं रस्त्यावरून दिसेल म्हणून कुरकुर केली नाही. अकराच्या सुमाराला वाळलेलं लुगडं मी तिच्या हातात आणून दिलं. तिनं पदराचं टोक नाकाला लावलं. तोंड झाकल्यासारखं धरून ठेवलं.  बायको पोळ्या लाटायची थांबून दारात आलेली.

“कशाचाच वास न्हाई,” माय म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, “मंग मी न्हवते.”

 मी मान हलवली. सहा दिवस नळ्या हलवून मी जे शोधत होतो ते हे होतं, आणि ते ऐकल्यावर मला माझ्या त्या सकाळच्या एका प्रश्नाची लाज वाटली, अजून वाटते.

बाराला भाऊ गाडी घेऊन दारात आला. जल्दी निघू म्हणाला, परतीला अंधार नको व्हायला. मायनं त्याला आधी हातपाय धुऊन जेवायला बसवलं. मग ती आत गेली आणि कालची भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली. भाऊ ती घ्यायला उठला, पण ती त्याला ओलांडून माझ्याकडं आली, मशीनपाशी. पिशवी उलटी करून तिनं सगळी लुगडी, चोळ्या मशीनमध्ये टाकल्या.

“ह्याला बी तोच वास हाय,” ती म्हणाली. “एकच माप टाक.”

भाऊ हातातला घास तसाच धरून बघत होता. मायनं रिकाम्या पिशवीची घडी घातली, दारामागच्या खिळ्याला अडकवली, आणि पान वाढून घेऊन त्याच्या शेजारी जेवायला बसली.